आतल्या बाजूचा डाग

मी एका फोटोवरची काच बोलतेय. माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही, माझ्यातून पलीकडे बघतात. काचेचा जन्मच तसला. पण माझ्या कोपऱ्याजवळ अंगठ्याएवढा एक डाग आहे. त्या डागापायी एका बाईची सगळी आशा माझ्यावर येऊन टेकली होती, म्हणून आज तोंड उघडलं.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला दुकानातून कापून आणलं. नुकतंच लग्न झालं होतं. त्याचं रक्ताचं असं कोणीच नव्हतं, त्यामुळे फोटोत तो आणि नवरी, दोघंच. चौकट त्याने स्वतः ठोकली, मशीनच्या तेलाने माखलेले हात पँटला पुसले आणि मला तीत बसवलं. मागच्या पट्ट्या वळवून भिंतीला टांगलं मात्र, बायको ओरडली.

"अहो, हे काय! माझ्या गालावर तुमचा अंगठा उमटलाय!"

"मग पूस की."

"पुसला. आतून आहे तो."

"मग राहू दे. माझा हात कायम तुझ्या गालावर."

"लोक म्हणतील, लग्नाच्या दिवशीच हिने तोंड काळं केलं!"

"बरं बाई, उद्या उघडून साफ करतो."

त्याचा तो उद्या काही उजाडला नाही. ती रोज सकाळी मला बाहेरून पुसायची आणि रोज त्याला टोमणा मारायची. दोघांचे केस पांढरे व्हायला लागले, तरी डाग तिथेच होता.

मग एके दिवशी तो पिशवी घेऊन एका मशीनच्या दुरुस्तीला गेला. "जेवायला येतो," म्हणाला. आला नाही.

तिने सगळीकडे धावाधाव केली, पोलिसात कळवलं. पाय थकले तेव्हा तिने घर आवरायला घेतलं. "ते आले की म्हणतील, माझ्यामागे घराची काय दशा केलीस." त्याचा कंगवा धुतला, पेला घासला, आरसा लख्ख केला. त्याच्या हत्यारांतले घरी राहिलेले पाने-पेचकस गंजू नयेत म्हणून रोज तेलाच्या फडक्याने पुसले. कपाटाची कडीसुद्धा सोडली नाही. तिला बिचारीला काय ठाऊक, त्या फडक्याने आपण काय काय पुसून टाकतोय!

एका दुपारी तिचा धाकटा भाऊ एका बाईंना घेऊन आला. त्या पोलिसांकडच्या ठसेतज्ज्ञ होत्या.

"नदीत एक माणूस सापडलाय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बरेच दिवस पाण्यात होता. चेहरा ओळखू येत नाही. बोटं मात्र शाबूत आहेत."

"ते हे नव्हेत," ती लगेच म्हणाली.

"नसतीलही. म्हणून तर तुमच्या यजमानांनी हाताळलेली एखादी वस्तू हवी."

बाईंनी सारं घर धुंडाळलं. मऊ कुंचल्याने काळी पूड फिरवली, तर सगळीकडे उमटली तिचीच बोटं. शेवटी त्यांची नजर माझ्यावर पडली. विजेरी तिरकी धरून त्या वाकल्या.

"हा आतला ठसा कोणाचा?"

तिचा चेहरा उतरला. "दुकानदाराचा असेल."

"ताई!" भाऊ म्हणाला. "अगं, याच डागावरून तू आयुष्यभर त्यांच्याशी भांडलीस ना?"

"तू गप्प बस. तुला घाई झालीय माझं कपाळ पांढरं करायची!"

भाऊ डोळे पुसत बाहेर गेला. बाई मला ठेवायला गाडीतून डबा आणायला गेल्या. खोलीत ती आणि मी उरलो.

तिने मला भिंतीवरून काढलं. मागच्या पट्ट्या वळवल्या. इतकी वर्षं त्याला जे जमलं नाही ते क्षणात झालं. मी उघडी पडले. तिच्या खांद्यावर फडकं होतंच. एकदा फिरवलं की झालं. मग नदीतला तो माणूस कोणीही असू शकत होता आणि हिचा नवरा कधीही दारात उभा राहू शकत होता. फडकं माझ्या अंगाला लागलं. मला ओरडता आलं असतं तर!

बाई दारात थबकल्या. त्यांनी फडकं हिसकावलं नाही.

"त्या माणसाला... कोणी न्यायला आलं का हो?" तिने विचारलं.

"नाही. पायाला नुसता नंबर बांधलाय."

तिने डागाकडे बघितलं. मग फडकं खाली ठेवलं. "यांचाच आहे," ती म्हणाली. "काच यांनीच बसवली होती."

बाईंनी मला कडांना धरून उचललं आणि प्रयोगशाळेत नेलं. तिथे मला कळलं की बोटांवरच्या या रेषा माणूस आईच्या पोटात असतानाच घडतात आणि मरेपर्यंत तशाच राहतात. जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात. कुणाच्या रेषा चक्रासारख्या फिरतात, कुणाच्या फासासारख्या वळून परततात, कुणाच्या कमानीसारख्या चढून उतरतात. पण नुसत्या नक्षीवर भागत नाही. रेषा कुठे थांबते, कुठे तिला फाटा फुटतो, हे एकेक ताडून बघावं लागतं.

नदीतल्या माणसाचा पाण्याने सुरकुतलेला अंगठा सुईने द्रव भरून फुगवला होता आणि त्याचा ठसा घेतला होता. तो माझ्याशेजारी ठेवला. इथे फाटा, तिथेही फाटा. इथे रेषा तुटली, तिथेही तुटली. बाईंनी भिंग खाली ठेवलं, पण कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या तज्ज्ञाने आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असा त्यांचा शिरस्ता. त्यानेही बघितलं आणि होकारार्थी मान हलवली.

ठशाला एवढंच सांगता येतं की हा तोच माणूस. तो पाण्यात कसा गेला, का गेला, ते त्याला सांगता येत नाही. तिने तेच पुन्हापुन्हा विचारलं.

पायाचा नंबर सुटला, त्याला त्याचं नाव परत मिळालं. ती त्याला घेऊन गेली.

नंतर बाई मला पोचवायला आल्या. डागावर प्रयोगशाळेत लावलेली काळी पूड तशीच होती. "पुसून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. ती मला रोज बाहेरून पुसते, टोमणा मात्र मारत नाही. बायांनो, घर जरूर लख्ख ठेवा. पण माझ्या पट्ट्या आता कोणी उघडू नका. मी तडकेपर्यंत त्याचा हात तिच्या गालावर असू द्या.