शेजाऱ्यांचं बघा

नदीच्या अलीकडची माणसं मागत नाहीत. घराला आग लागली तरी बंबवाल्याला आधी ‘बसा, पाणी घेता का?’ म्हणतील. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो आम्ही हळू आवाजात सांगतो. पलीकडचे लोक मात्र बोटाला खरचटलं तरी गल्ली गोळा करतात.

माझी बायको पलीकडची. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी ती बोलायला लागली की बाबा डोळे मिटून घेतात.

“सूनबाई, जरा हळू. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, बाबा.”

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. सगळी हयात टिकटिक ऐकण्यात गेली, त्यामुळे मोठ्या आवाजाचं त्यांना वावडं.

यंदा नदीने अलीकडचे-पलीकडचे असा भेद केला नाही. दोन्हीकडचे तळमजले बुडाले. आमचा फ्रिज तळमजल्यावरच होता, बाबांच्या इन्सुलिनसकट. दुसऱ्या दिवशी बाबांच्या तोंडाला कोरड पडली, उलट्या सुरू झाल्या. विचारलं तर “ठीक आहे” म्हणाले. मी भयंकर घाबरलो होतो. पण तसं बोललो नाही, शेवटी मीही अलीकडचाच.

दुपारी मदतीची होडी गल्लीत आली. “काय हवंय?” नावाड्याने विचारलं.

शिंपीकाका खिडकीतून म्हणाले, “आमचं ठीक आहे, शेजाऱ्यांचं बघा.” शेजारी म्हणजे मास्तरीणबाई. त्या म्हणाल्या, “आमचं काही नाही, समोर विचारा.” समोर आम्ही. मी तोंड उघडेपर्यंत आतून बाबा म्हणाले, “तसं ठीक आहे.” आणि वडील बोलल्यावर वर बोलायची आमच्यात पद्धत नाही.

“सुखी गल्ली आहे,” म्हणत नावाड्याने भरलेली होडी वळवली.

बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने तिथूनच तोंड सोडलं. “खोटं बोलतायत सगळे! शिंपीकाकांकडे प्यायला पाणी नाही, बाईंच्या नातवाला दूध नाही, आणि माझा सासरा मरतोय! इन्सुलिन आणा!”

होडी थांबली. पाणी आलं, दूध आलं. इन्सुलिन डॉक्टरीणबाईंच्या होडीत होतं आणि ती कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको गच्चीवरून हाका मारत राहिली, चारी दिशांना. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, “आवाजाच्या रोखाने आले.” त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रात्रभर बसून राहिल्या आणि पहाटे पुढच्या गल्लीत गेल्या.

बाबा सावरले. पहिलं वाक्य बोलले, “एवढं मोठ्याने सांगायची गरज नव्हती.”

उत्तर द्यायला तिला आवाजच नव्हता. घसा सुजला होता, अंगात ताप होता, पाण्याचा घोट उतरत नव्हता. बाबा तिच्याकडे बघत बसले. घर इतकं शांत त्यांना कितीतरी वर्षांनी मिळालं होतं, पण ते काही खूश दिसेनात.

दुपारी मदतीची होडी पुन्हा आली. “काय हवंय?”

गल्लीत अळीमिळी गुपचिळी. सगळे आशेने आमच्या गच्चीकडे बघत होते. गच्चीवर नुसते कपडे.

“मग निघू?”

बाबा भिंतीला धरत उठले आणि खिडकीशी गेले.

“थांबा!” इतका मोठा आवाज बाबांना आहे हे मला माहीत नव्हतं. “आमचं ठीक नाही! सूनबाईला घशाचं औषध हवंय! आत्ताच्या आत्ता!”

समोरून शिंपीकाकांनी हळूच पुस्ती जोडली, “जमलं तर पाणीसुद्धा.”

बाबा धापा टाकत वळले. बायकोने डोळे मिटून घेतले होते. मग एक डोळा उघडून तिने हाताने खूण केली : जरा हळू.