भिंतीवरचे शिंतोडे

थंडीतल्या म्हाईच्या जत्रेला पावणे जेवायला येणार म्हणून दाराजवळची भिंत चुन्यानं पांढरी केली, आणि चार दिवसांत तिच्यावर काळे शिंतोडे. गुडघ्याएवढ्या उंचीवर ठिपके आणि खाली काळं पाणी. बायको संयोगिता रोज पुसायची, रोज नवे पडायचे.

"कुणीतरी करणी करतंय की ओ," ती म्हणाली. "पाटंचं आपल्या दारात कोण येतं, सांगा बघू?"

पहाटे दारात एकच माणूस येई. शेजारची बयाकाकू. माझी आई गेली तेव्हापासून ती स्वतःच्या अंगणाबरोबर आमच्याही दारापुढं शेणाचा सडा टाकायची. कुणी सांगितलं नव्हतं. मी जुनी मोटार घेतली तेव्हा तिनं 'डोळं दाखवायला कोल्हापूरला ने की रं' म्हटलं होतं आणि मी टाळलं होतं. तोच राग ती काढत असणार, असं माझ्या डोक्यात बसलं.

गल्ली गोळा करून, गुलालाची पुडी पुढं धरून मी ओरडलो, "काकू, जोतिबाच्या गुलालावर हात ठिवून सांग, माझ्या दारात काय टाकतीस?"

"शेणपाणी, दुसरं काय रं बाळासो?" तिनं गुलालाला हात लावला. तरी मी म्हणालो, "चोराच्या उलट्या बोंबा!" गल्लीतलं एक माणूस बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शिंतोडे मात्र आले. तेव्हा तरी डोळे उघडायला हवे होते. आम्ही म्हणालो, आता लांबून करत असेल.

पुढं त्याच हिवाळ्यात एका कडाक्याच्या थंडीच्या पहाटे गाडी काही केल्या चालू होईना. हातकणंगल्याचा मिस्त्री सोमेश सकाळीच आला. त्यानं खटपट करून गाडी चालू केली, जोरात रेस दिली. सायलेन्सरच्या नळीतून पिचकारी उडाली ती थेट भिंतीवर. काळी. त्याच उंचीवर.

"ह्ये काय रं?" मी भिंतीकडं बोट केलं.

"थंडीत नळीत पाणी धरतंय पावणं. आत काजळी हाय, चालू केली की दोनी भायेर. रोज अशीच भिंतीला पाठ करून लावतायसा व्हय?"

रस्त्यावरून गाडीचं तोंड दिसावं म्हणून मी मुद्दाम तशी लावायचो. पहाटे चालू करून चहाला आत जायचो. मागं कधी बघितलंच नाही.

बयाकाकू तिच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. जाऊन पाय धरले. "चुकलं काकू."

"पाय सोड. चारचौघांत बोललास, चारचौघांत सांग."

सांगितलं. गल्ली खो खो हसली. तेव्हा गप्प बसलेलीच तोंडं ती. काकू हसली नाही.

"उद्या कोल्हापूरला नेतो, डोळं दाखवू," मी म्हणालो.

"यष्टी हाय की," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी मी भिंतीला पुन्हा चुना दिला आणि गाडी फिरवून लावली. दुसऱ्या पहाटे सड्याचा आवाज आला. मी धडपडत उठून दार उघडलं. तिचं अंगण हिरवंगार ओलं होतं. दोन घरांच्या मधे दगड आहे, तिथपर्यंत. दगडाच्या अलीकडं, माझ्या दारापुढं, एक थेंब पडला नव्हता.