पाणी घातलेली बाटली

माझा मुलगा दारूने गेला. लोकांना मी हार्ट अटॅक सांगितला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे उसवून अंगाबेताचे करून देते मी; माझं घर कुणी उसवून बघितलेलं मला खपत नाही.

त्याची नऊ वर्षांची पोर, ठकी, दोन महिने धड बोलत नव्हती. दिवसभर माझ्या दुकानात बसायची, ताटातलं नुसतं चिवडायची. मी म्हटलं, होईल आपोआप.

"आई, तुमच्या आपोआपनेच हे घर इथवर आलंय," सून म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच उलटून बोलली.

जवळच्या शाळेत दर शनिवारी एक बाई मुलांना घेऊन बसतात. ज्यांची आई किंवा बाप नशेपायी गेला, अशी मुलं. मी ठकीला घेऊन गेले.

"आजी, तुम्हीही आत बसा," बाई म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणून मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. सोबत एक कोट नेला होता, त्याची काजं करत राहिले. आत आठ मुलं गोल करून बसलेली. दोन शनिवार ठकी सतरंजीचे धागे उपसत बसली.

तिसऱ्या शनिवारी तिचा आवाज आला.

"मी त्या दिवशी बाबांची बाटली मोरीत ओतली. म्हणून ते दुसरी आणायला गेले आणि रस्त्यातच पडले. मी ओतली नसती तर ते घरीच असते."

घरात मयत झालं तरी न थांबलेली माझी सुई थांबली. एवढंसं पोर हे छातीवर घेऊन रोज माझ्या शेजारी बसत होतं, आणि मी तिला नीट जेव म्हणून ओरडत होते.

मग एक मुलगी म्हणाली, "मी आईच्या बाटलीत पाणी घालायचे."

"मी टाकीमागे लपवायचो."

"मी तर बाबांचे बूटच लपवले. ते चपला घालून गेले."

एकदोघं हसली. बाईंनी विचारलं, "असं काही कुणीकुणी केलंय?"

आठही हात वर गेले. सगळ्यात लहान, पाच वर्षांचं पोर, त्याने तर दोन्ही हात वर केले.

"मग कुणाची दारू थांबली?"

सगळे हात खाली आले. मोठमोठ्या माणसांच्या बैठका पाहिल्यात मी, पण इतकी खरी माणसं एका सतरंजीवर कधी पाहिली नव्हती. मी उठून दारात गेले आणि हात वर केला. बोटांत सुई तशीच होती.

"मीही पाणी घालायचे," मी म्हटलं. "त्याच्या बाटलीत. आणि त्याला हार्ट अटॅक आला नव्हता."

ठकी माझ्याकडे बघत राहिली. मग सरकली आणि शेजारी जागा केली. माझे गुडघे खाली बसायचे नाहीत, तरी बसले.

घरी जाताना तिने विचारलं, "आजी, तू किती घालायचीस?"

"निम्मं."

"मी पण निम्मं. सकाळी, शाळेत जायच्या आधी."

"मी दुपारी."

तिने मनात हिशेब केला. "म्हणजे बाबा पाणीच प्यायचे."

"तरीच दुकानदाराला शिव्या घालायचा."

ती हसली. हसता हसता रडायला लागली, भर रस्त्यात, मोठ्याने. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.