भित्र्या ठोकळ्याच्या गळ्यातला हार

मित्रांनो, आधीच सांगतो, मी भित्रा आहे. मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. उतारावर उभी केलेली गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली लावतात ना, तो मी. वाईच्या बादशहा मिस्त्रींनी बाभळीच्या तुकड्यातून मला तासलं आणि महाबळेश्वरच्या अवधूतच्या टॅक्सीत टाकलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे.

त्या टॅक्सीचा हँडब्रेक बिघडलेला होता. कुणी बोललं की अवधूत म्हणायचा, "ठोकळा हाय की. लय भरवशाचा गडी हाय." एवढं कौतुक ऐकूनही मला सुख नव्हतं. प्रत्येक पॉइंटला समोर दरी आणि अंगावर अख्खी गाडी. माझी पाचावर धारण बसायची.

एप्रिलमध्ये सांगलीची ऋचा आली. बुकिंग नव्या जोडप्याचं होतं, म्हणून नेहमीच्या रिवाजाप्रमाणे अवधूत दोन हार घेऊन स्टँडवर उभा. बसमधून ती एकटीच उतरली.

"पाव्हणं मागनं येणार हायेत का?"

"नाही. लग्न मोडलं त्यानं. खोली रद्द होईना, म्हणून आले मी."

एक हार अवधूतने तिच्या हातात दिला आणि दुसरा गडबडीत चाकाला लावलेल्या माझ्यावर टाकला. तिचे डोळे भरले होते, तरी ती हसली. म्हणाली, "हा नवरदेव बरा आहे. पळून तरी जाणार नाही."

मग दोन दिवस ती मागच्या सीटवर रडत होती. आता जगण्यात काही राहिलं नाही, असं सारखं म्हणायची. अवधूत तिला हसवायला काय वाटेल ते बोलायचा. रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघायचा. घाटात माझी तर बोबडी वळायची.

तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच म्हणाली, "भूक लागली." अवधूत इतका खूश झाला की गाडी उतारावर सोडून कणसं आणायला पळाला. मला लावायचं विसरला. मी सीटखाली, सुकलेल्या हारात. गाडी हळूच पुढे सरकली. मला ओरडता येत नव्हतं.

ऋचाच्या लक्षात आलं. तिने मला उचललं, दार ढकलून उडी मारली, पुढे धावली आणि मला चाकाखाली सारलं. चाक माझ्यावर चढलं. माझा एक कोपरा उडाला, पण गाडी थांबली. कठडा हातभर लांब होता.

अवधूत कणसं घेऊन आला आणि मटकन खालीच बसला. "चुकलं माझं. ठोकळा ऱ्हायला."

ऋचा हसायला लागली. "तीन दिवस म्हणतेय, जगायचं कशाला. आणि उडी कशी मारली बघितलंत? मला जगायचंय. लय जगायचंय."

जाताना तिने बजावलं, "आधी हँडब्रेक दुरुस्त करा. मगच मला फोन करा."

त्याने त्याच संध्याकाळी केला. दोन्ही.

आता ऋचा सुट्टीला आली की पुढच्या सीटवर बसते. हँडब्रेक झकास आहे. आता आपली रवानगी बंबात, या भीतीने मी गारठलो होतो. पण तीच मला उचलून चाकाखाली लावते, आणि मगच अवधूतकडे बघते.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. बिघडलेलं वेळेत दुरुस्त करा. उतारावर आधी ठोकळा लावा, मग खुशाल प्रेमात पडा.