एक कोयता, एक मशीन

दुकानदाराने काउंटरवर निळी पेटी उघडली आणि अजिनाथचे डोळे तिच्यातच अडकले. आत ड्रिल मशीन, शेजारी इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि झाकणाला बिटांची अख्खी रांग. रुखवत मांडावं तशी ती पेटी मांडलेली होती.

विजयमालाने तिच्यावरून नुसती नजर फिरवली.

"पत्र्याच्या कामाला ह्यातलं कंचं लागतं?" तिने विचारलं.

"ताई, सेटच घेऊन टाका. दोन्ही कामं होतात."

"सेल्फ स्क्रूच्या टोकालाच बरमा असतो. त्यो सोताच भोक पाडतो. मंग ड्रिल काय घरात टांगायचं?"

दुकानदार हसला. अजिनाथ हसला नाही. त्याचा हात अजून पेटीवरच होता. "असू दे की. उंद्या लाकडाचं काम निगालं, भिंतीचं निगालं..."

"निगालं म्हंजी बघू. आवं, कामावर कानिफभाऊकडं बॅटऱ्या हायती, चार्जर हाय. समदं ह्याच कंपनीचं हाय. आपल्याला नुस्तं धड पायजे."

"बॉडी म्हणतात ताई. नुसती बॉडी मिळेल." दुकानदाराने मागच्या फळीवरून इम्पॅक्ट ड्रायव्हरचं एक छोटं खोकं काढलं. किंमत पेटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी.

तेवढ्यात अजिनाथने पलीकडचं एक लालभडक मशीन उचललं. त्याच्यावर व्होल्टचा भला मोठा आकडा छापलेला होता आणि बॅटरीसकट ते त्याहून स्वस्त होतं. दुकानदार म्हणाला, "दादा, तो आकडा स्टिकरचा आहे, मशीनचा नाही. दिवाळीपर्यंत चाललं तरी नशीब. परत आणू नका म्हणजे झालं."

विजयमालाने छोट्या खोक्यातलं मशीन हातात घेतलं. कोयता धरून धरून तिच्या उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेलीच राहायची. मूठ त्या दांड्यावर बरोबर बसली. मग तिने घासाघीस सुरू केली आणि दुकानदाराकडून वर दोन बिटं फुकट घेतली.

"दोन घेता का? तुम्हा दोघांना? दोनाला अजून कमी करतो."

"एकच द्या," विजयमाला म्हणाली. "आमी जोडीनंच काम करतो."

बायकोने दुकानात पैसे वाचवले आणि नवऱ्याने एसटीत बसल्यावर त्याचं कौतुक केलं, एवढ्यावर गोष्ट संपवता आली असती. तशा गोष्टी लोकांना आवडतात. पण पैसे वाचवताना ही बाई नेमकं काय कापून टाकून आली होती, ते तिला आठवड्याने कळलं.

पाथर्डीच्या अंगाच्या गावातून हे नवरा-बायको लग्न झाल्यापासून दरसाल ऊसतोडीला जात होते. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवरा आजारी पडला तर कोयता बंद. बायको बाळंत झाली तरी कोयता बंद. हिशोब एकच, आणि तो नवऱ्याच्या हातात. एवढी वर्षं एका कोयत्यात निम्मी राहिलेली बाई दुकानात उभी राहून "एकच द्या" म्हणणार नाही तर काय म्हणणार?

या साली तोडीला जायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. विजयमालाची कंबर गेली होती. कानिफनाथ त्यांच्याच गावचा. आधी तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, आता सोनईच्या बाजूला शेडची कामं घ्यायचा. तो म्हणाला होता, "सोताचं मशीन घिऊन या, पुरी हजेरी देतो." दोघांची हजेरी, म्हणजे दोघांचा रोज, नीट मिळाला तरच तोडीच्या मुकादमाला नाही म्हणता येणार होतं. म्हणून तर मशीन.

काम एका पोल्ट्रीच्या शेडचं होतं. अजिनाथ वर लोखंडी पाईपांवर बसून स्क्रू मारायचा. कट्-कट्-कट् असा आवाज करत मशीन स्क्रू आत ढकलायचं. हाताला हिसका नाही, मनगटाला पीळ नाही. "लोन्यासारखं चालतंय," तो वरून सांगायचा. खाली विजयमाला पत्रा उचलायची, शिडीवर अर्धी चढून तो वर सरकवायची, वारं आलं की छातीने दाबून धरायची, उतरायची, दुसरा उचलायची. पत्र्याच्या कडेने तिच्या दंडावर ओरखडे उठले. संध्याकाळी तिला भाकरी थापायचा कंटाळा यायचा. जगायचाच कंटाळा यायचा, पण ते कुणाला सांगणार?

बाजाराच्या दिवशी कानिफनाथने पगार वाटला. अजिनाथच्या हातात दिलेले पैसे किती आहेत, ते तिने लांबूनच ओळखलं.

"कानिफभाऊ, हे एकाचंच हाय."

"एकच की वैनी."

"आमी दोघं हुतो."

"हुता ना. पन मशीन एक." कानिफनाथ अगदी प्रेमाने बोलत होता. गोड बोलून कापणारी माणसं मुकादमच असतात असं काही नाही. "जेच्या हातात मशीन, तेची हजेरी. तुमी तेच्या जोडीला. आपल्यात जोडी म्हंजी एक कोयता. तुमाला काय नवं सांगायचं?"

"आन मी पत्रं दिलं ते?"

"ते व्हय, ते तर करावंच लागतं."

अजिनाथ पैसे खिशात घालत होता. त्याने मान वर केली नाही. विजयमालाला कानिफनाथपेक्षा त्याचाच राग आला. आणि त्याहून जास्त स्वतःचा. दुकानदाराने दोन देऊ का म्हणून विचारलं होतं. आपणच आपल्याला मोजलं नाही, मग हा कशाला मोजेल?

सोमवारी सकाळी तिने पदर खोचला, पिशवीतून मशीन काढलं, कानिफनाथची चार्ज झालेली बॅटरी खालून खटकन बसवली आणि शिडी चढली.

"ये, कुटं निगालीस?" अजिनाथ म्हणाला.

"वर."

"आन मी?"

"पत्रं द्या."

कानिफनाथ टेम्पोतून उतरला तेव्हा एक ओळ मारून झाली होती. तो कपाळावर हात धरून वर बघत राहिला. "वैनी, खाली या. बाईमानूस वर चढून पडलं तर माझ्या जिवाला घोर."

"उसाच्या ट्रॉलीवर मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं चढायची, तवा मी कोन हुते? तवा खालनं ट्रॅक्टरवर बसून तुमीच वरडायचा, लवकर आटपा म्हनून."

पलीकडे वेल्डिंग करणारा माणूस खाली मान घालून हसला. कानिफनाथ हसला नाही.

"मशीन माज्या हातात हाय," विजयमाला म्हणाली. "आज हजेरी कुनाची?"

"तुमच्या घरात जाती ना, मंग कुनाची का आसंना."

तिने बॅटरीची कळ दाबली, बॅटरी ओढून काढली आणि हात खाली केला. "ही घ्या तुमची. धड माजं हाय, मी घिऊन जाते."

कानिफनाथने बॅटरी घेतली. ती हातात धरून त्याने शेडकडे बघितलं. निम्मं छप्पर उघडं होतं. शेडमालकाची कोंबडीची पिल्लं चार दिवसांवर आली होती आणि कानिफनाथची बाकीची माणसं मशीनं घेऊन दुसऱ्या साईटवर अडकलेली होती. त्याला दया आली वगैरे काही नाही. त्याला गरज होती.

"फिटरची पुरी हजेरी तुमची," तो म्हणाला. "अजिनाथ खाली हाय, तेला हेल्परची. निम्मी."

"रोजची दोघांची. आन माजी माज्या हातात."

"व्हय, व्हय. घ्या." त्याने बॅटरी वर फेकली नाही, शिडी चढून हातात दिली.

अजिनाथ पत्र्यांच्या ढिगाजवळ उभा होता. "मी हेल्पर?" तो हळूच म्हणाला. मग वर मशीनकडे बघून म्हणाला, "दुसरं मशीन घेऊ. त्या दुकानदाराला इचारू, अजून कमी करतो का."

"घेऊ. पगार झाल्यावर. सेट न्हाई, नुस्तं धडच." तिने स्क्रू दातात धरला, मग काढून पुन्हा म्हणाली, "मुकादमाला आज सांगून टाका. येत न्हाई म्हनावं."

"सांगतो."

त्याने पत्रा उचलला, शिडीशी आणला, तिथेच थांबून धापा टाकल्या.

"लई जड हाय गं ह्यो," तो म्हणाला.

विजयमालाने वरून पत्र्याची कड धरली. गेला आठवडाभर असले सगळे पत्रे तिनेच वर सरकवले होते. "सोडा," ती म्हणाली आणि पत्रा वर ओढून घेतला.