नाडी बांधायचा बाक

मी एक जुना बाक आहे. शाळेच्या लांब व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या नळांसमोर मी बरीच वर्षं काढली. मित्रांनो, बाकाला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून पान उलटू नका. तुम्ही बसता, उठता आणि विसरून जाता. मला मात्र बसलेलं माणूस विसरता येत नाही.

प्रयोगशाळेच्या मोडक्या टेबलांच्या फळ्यांतून एका सुताराने मला घडवलं. त्याने रंधा मन लावून फिरवला. "यावर बसून कुणाची चड्डी फाटायची नाही," अशी हमी त्याने दिली होती आणि ती मी आजवर पाळली आहे. सुरुवातीला मी खेळाच्या खोलीत होतो. घामेजलेली मुलं माझ्यावर उड्या मारत, भांडत, खिदळत. माझे सांधे खिळखिळे झाले, पण जिवाला बरं वाटायचं.

मग शाळेत समुपदेशक बाई आल्या. मुलांच्या मनात काय सलतंय ते शांतपणे ऐकायचं, हे त्यांचं काम. त्यांना व्हरांड्यातली एक खोली मिळाली आणि दाराबाहेर थांबणाऱ्यांसाठी मला तिथे आणून ठेवलं. बाईंनी मला पाहिलं, समोरचे नळ पाहिले आणि त्या थेट हेडसरांकडे गेल्या.

"सर, बाक मागच्या बाजूला ठेवू या का? इथे बसलेलं मूल सगळ्यांच्या नजरेत येतं."

"अहो बाई, लपवायचं काय त्यात? चांगलं काम आहे, चारचौघांत होऊ द्या."

माणूस खरंच मनाने मोठा होता, म्हणून बाईंनी हट्ट धरला नाही. शाळा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना हेडसर कौतुकाने माझ्यापर्यंत आणत. मीही फुशारून जायचो.

पण मधल्या सुट्टीत नळांवर ही झुंबड! माझ्यावर कुणी टेकलं की बाटल्या भरता भरता सगळ्या माना वळायच्या. लवकरच माझं नाव पडलं, 'वेड्यांचा बाक'. एकमेकांना माझ्यावर ढकलून पळून जायचा खेळच निघाला. मुलं मला वळसा घालून जाऊ लागली आणि मला फार वाईट वाटलं.

एक मुलगी मात्र येऊन बसली. तिची मोठी बहीण आजारपणात गेली होती. मला हे कळलं, कारण आत गेल्यावर काय बोलायचं ते ती ओठांतल्या ओठांत घोकायची. "बाई, ताई गेल्यापासून मला झोप लागत नाही. घरात कुणी तिचं नावसुद्धा काढत नाही." घोकताना ती नखाने माझी कड कोरत राहायची. दार बंद असायचं, कारण आत कुणा पालकांशी बाईंचं बोलणं चाललेलं असायचं.

"काय गं, तू पण इथे? डोकंबिकं फिरलं की काय?" नळावरून तिच्या मैत्रिणीने विचारलं. ती काही दुष्ट नव्हती, नुसती थट्टा करत होती.

"छे गं! बुटाची नाडी सुटली होती." ती हसली, खाली वाकली आणि निघून गेली.

तरी ती येत राहिली. एकदा तर दार उघडून बाईच समोर आल्या.

"माझ्याकडे आलीस का गं?"

तिने नळाकडे पाहिलं. तिथे गर्दी होती. "नाही बाई, नाडी बांधत होते."

बाई हसून आत वळल्या. बाई, तिचा हात धरा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. त्यानंतर ती शाळेत दिसेनाशी झाली.

मग एके दिवशी तिची आई वर्गशिक्षकांना भेटायला आली. जिना चढून दमली होती, म्हणून ती माझ्यावर टेकली. बाई तिच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

"पोरगी खोलीतून बाहेर येत नाही हो. जेवत नाही, बोलत नाही. एक गेली, आता ही डोळ्यांदेखत हातची चाललीय. तुमच्याकडे आली होती का हो कधी?"

"नाही हो. एकदा इथे दिसली होती, बुटाची नाडी बांधताना."

"नाडी?" आई गोंधळली. "ताईचेच बूट घालते ती. पट्ट्याचे आहेत. नाडी कुठली त्यांना?"

बाई आईच्या शेजारी माझ्यावर बसल्या. पायांशी माझी रोजची गाठ, मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण लाकडाला वाचा कुठली? कोरलेल्या कडेवर बाईंचा हात पडला आणि त्या रडू लागल्या.

आता मी शाळेच्या मागच्या बाजूला आहे. बाईंच्या खोलीचं दारही तिकडेच काढलं. मला हलवताना एक टोक हेडसरांनी स्वतः उचललं. बाई शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या घरी जातात, तिच्या खोलीच्या दाराबाहेर बसून तिच्या ताईचं नाव घेऊन बोलतात. दार अजून उघडलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या बाकावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर हसू नका आणि कारणही विचारू नका. जमलं तर शेजारी बसा, मी चांगला लांब आहे. परवा रंगारी माझी कोरलेली कड घासून काढायला निघाला होता. बाई म्हणाल्या, "तेवढी राहू द्या. ती आली की तिची जागा तिला सापडायला हवी."