साडेचारचा दाब

रक्तदाबाची वही बघून नर्सबाईंच्या कपाळाला आठी पडली. सकाळी एकशे तीस, संध्याकाळी साडेचारला एकशे ऐंशी. महिनाभर हेच. मूत्रपिंडावर परिणाम दिसायला लागला होता, डॉक्टर तिसरी गोळी म्हणत होते, आणि शिवणकाम करणारी ती बाई खुर्चीत अशी बसली होती, जणू दुसऱ्याच कुणाचं दुखणं ऐकतेय. विटली होती बिचारी. मीठ सोडलं, तळण सोडलं, आता काय श्वास सोडायचा?

"साडेचारलाच का मोजता?" नर्सबाईंनी विचारलं.

"हे तेव्हा घरी येतात ना. मला एका हाताने तो मशीनचा पट्टा गुंडाळता येत नाही."

हे म्हणजे तिचा नवरा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. शेजारीच बसला होता. शिस्तीचा एकदम पक्का. जिना चढून आला की बूटसुद्धा न काढता आधी मशीन काढायचा. "एक दिवस चुकवला नाही," तो कौतुकाने म्हणाला.

नर्सबाईंनी त्याला वजनाची चिठ्ठी आणायला बाहेर पिटाळलं आणि दार लोटलं.

"मारतात का?"

"कोण, हे? अहो, झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतात!" ती हसली. नर्सबाई हसल्या नाहीत.

"सगळ्याजणी असंच काहीतरी सांगतात," म्हणत त्यांनी पेन उचललं.

आता आली का पंचाईत! सरळमार्गी माणूस तिकडे चिठ्ठीच्या रांगेत उभा, आणि इकडे कागदावर त्याच्या नावाला काळं! त्याला सोडवायचं तर वडिलांबद्दल बोलावं लागणार. तेच तर तिने आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. जगासाठी वडील देवमाणूस. नवरा तर अजून मुलांना सांगायचा, सासरे मिळावेत तर असे. मिळणारच! जावयाला अहो-जाहो, आणि हात उचलायला घरच्या पोरी.

"लिहू नका," ती म्हणाली. "माझे वडील मारायचे. कामावरून आले की हातात येईल ते घेऊन. जिन्यावर बूट कसे वाजतात त्यावरून आम्ही बहिणी ओळखायचो, आज काही खरं नाही. अजून कुणी जिना चढलं की छातीत धडधडतं. हे चढले तरी. अंगाला कुठे कळतंय, माणूस बदललाय ते!"

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. लहानपणची भीती अशी अंगात मुरून राहते, त्या म्हणाल्या, पुढे दुखण्यांना हातभार लावते. तेवढं एकच कारण नसतं, गोळ्या घ्याव्याच लागतील. पण मोजायचं ते अर्धा तास निवांत बसल्यावर. ती मान हलवत राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. नुसता थकवा आला.

लोटलेलं दार उघडलं. नवरा चिठ्ठी घेऊन तिथेच उभा होता. सगळं ऐकलं होतं, हे तोंडावरच दिसत होतं.

"तुमच्यामुळे नाही हो," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही काही मनाला लावून..."

"मी आलो की तू आत जाऊन घासलेलीच भांडी परत घासतेस." त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "बावीस वर्षं मला वाटत होतं, मी घरी आलेलं तुला आवडत नाही."